सरकारी तळं आणि गिरजाकाकूंचा आक्षेप

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं. तळं जंगलात होतं म्हणजे ते जंगलाचं होतं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात. तळ्याच्या काठावर एक पाटी होती आणि पाटीवर लिहिलं होतं, 'हे तळे सरकारी आहे.' पाटी लागली की वाद संपतो.

सिंह महाराजांच्या आजोबांनी ओढा अडवून हे तळं बांधलं होतं. काठाला सगळीकडून उभे दगड रचले होते. फक्त दक्षिणेला, दगड संपले म्हणून म्हणा की गवंडी कंटाळला म्हणून म्हणा, मऊ मातीचा एक उतार तसाच राहून गेला होता. सगळं जंगल त्या उतारावर पाणी पीत असे. तिथे कुणी कुणाला खायचं नाही, असा रिवाज होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे तो पाळत.

उताराच्या वर करवंदीच्या जाळीत गिरजाकाकू राहत. गिरजाकाकू म्हणजे भेकर. भेकर दिसतं हरणासारखं आणि भुंकतं कुत्र्यासारखं. धोका दिसला की काकू भुंकत आणि अख्खं जंगल पळत सुटे. या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. म्हणूनच ते काम वेळेवर होत असे.

त्या वर्षी काकूंना एक पाडस झालं होतं. त्याचे पाय काड्यांसारखे होते. दगडांवरून उतरणं त्याला जमत नसे. उतारावरून मात्र ते घसरत, धडपडत पाण्यापर्यंत जाई, तोंडापेक्षा जास्त पाणी कानांत भरून घेई आणि खूश होऊन परत येई.

सगळं बरं चाललं होतं. मुलांनो, सगळं बरं चाललेलं असलं की कुणीतरी अभ्यासदौऱ्यावर जातं.

सिंह महाराज शेजारच्या जंगलात गेले. तिथे त्यांना मरीना दाखवली. परत आल्यावर महाराजांनी दरबार भरवला आणि गर्जना केली, "आपल्याकडे मरीना का नाही?"

दरबारात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मरीना म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ती आपल्याकडे नाही याची लाज सगळ्यांना एकदम वाटली.

"मरीना म्हणजे बोटींचा गोठा," महाराजांनी समजावलं. "धक्का असतो, खांब असतात, कठडा असतो. तिथे बोटी बांधून ठेवतात."

साळिंदरतात्या मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. त्यांचे काटे लागत आणि बोलणं त्याहून लागत असे.

"महाराज," तात्या म्हणाले, "आपल्या जंगलात बोट कुणाकडे आहे?"

"मरीना झाली की बोटी येतील."

"गोठा बांधला की म्हैस आपोआप येते, हे मला ठाऊक नव्हतं."

तात्यांना दरबारातून बाहेर नेण्यात आलं. नेणाऱ्यांना काटे टोचले आणि तेवढंच समाधान तात्यांना मिळालं.

मग समिती नेमली गेली. समिती म्हणजे काय, माहीत आहे ना? एका शहाण्याला जे स्पष्ट दिसतं, ते तिघांनी मिळून न बघणं म्हणजे समिती. अध्यक्ष होते गवासाहेब. गवा हा प्राणी आकारानेच अध्यक्ष असतो. तज्ज्ञ म्हणून डॉक्टर घुबड होते, ते बैठकीत झोपत आणि इतिवृत्तात जागे असत. आणि सदस्य-सचिव होते मुंगूसराव. सगळी धावपळ तेच करत.

समितीने प्रस्ताव मागवले. तीन आले.

पहिला प्रस्ताव कावळ्याचा. त्याची मरीना डोंगराच्या माथ्यावर होती. 'येथून तळ्याचे दृश्य सुंदर दिसते,' असं त्याने लिहिलं होतं. पाण्याच्या सोयीपुढे 'विचाराधीन' असा शेरा होता.

दुसरा प्रस्ताव रानडुकरांचा. त्यांनी चिखलाची मरीना मांडली होती. नमुना म्हणून थोडा चिखल सोबत जोडला होता आणि तो गवासाहेबांच्या टेबलावरून पुढे कधीच निघाला नाही.

तिसरा प्रस्ताव सुसरबाईंचा. सुसरबाई तळ्यातच राहत. त्यांचा धक्का दक्षिणेच्या उतारावर होता. बोटी येईपर्यंत प्रवाशांची वाहतूक त्या स्वतःच्या पाठीवरून करणार होत्या. प्रस्तावात जायच्या तिकिटाची सोय होती. परतीच्या तिकिटाचा उल्लेख नव्हता, पण समितीला तो छपाईचा दोष वाटला.

आता जागांची पाहणी करायची होती. पाहणी पाण्यावरून करावी असा नियम होता आणि पाण्यावर जायला बोट नव्हती.

"माझ्या पाठीवर बसा की," सुसरबाई म्हणाल्या. "मी काही परकी आहे का?"

समिती पाठीवर बसली. भरल्या तळ्यातून पाहणी सुरू झाली. गवासाहेब पहिल्यांदा घाबरले, मग सैल झाले. खाली पाणी खोल होतं आणि बाईंचे दात मोठे होते.

"सुसरबाई," गवासाहेब म्हणाले, "तुमची पाठ फार मऊ आहे हो."

"कमालीची मऊ," मुंगूसराव म्हणाले.

"संशोधनाअंती असं दिसतं की मऊच आहे," डॉक्टर घुबड झोपेत म्हणाले.

मुलांनो, हे वाक्य आपल्या आज्यांच्या आज्यांनाही माहीत होतं. समितीने ते अहवालात घेतलं, एवढंच नवीन.

संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या विश्रामगृहात समितीने गुण दिले. दृश्य, बांधकामाची सोय, सुरक्षितता, सगळ्यांत सुसरबाई पहिल्या आल्या. सुरक्षिततेत पैकीच्या पैकी. मग शेवटचा रकाना आला. 'जनतेची गरज.'

"इथे काय लिहू?" मुंगूसरावांनी विचारलं.

"कुणी मागितली आहे का मरीना?"

"महाराजांनी."

"महाराज जनता नव्हेत. जनतेपैकी कुणी?"

"कुणीच नाही, साहेब."

गवासाहेबांनी रवंथ थांबवून विचार केला. "मग रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना असला की कागद महाराजांकडे जात नाही. पडून राहील. महाराज तोवर दुसऱ्या दौऱ्यावर जातील आणि तिथून दुसरं काहीतरी बघून येतील. आक्षेपांची सूचना तेवढी लावून टाका, रीत आहे म्हणून. जेवायला काय आहे?"

म्हणजे बघा मुलांनो, मरीना तिथेच मेली होती. कुणी तिला मारलं नव्हतं, आळसाने मेली होती. सरकारी आळसाचे जनतेवर फार उपकार असतात. आपण ते कधी मानत नाही.

पण सूचना लागली. ती उतारावरच्या अर्जुनाच्या झाडावर लागली. 'मरीनेबाबत आक्षेप असल्यास समक्ष येऊन नोंदवावेत. स्थळ: विश्रामगृह, पलीकडचा काठ.'

गिरजाकाकूंनी ती वाचली आणि त्यांचे कान उभे राहिले. उतारावर धक्का आला तर पाडसाने पाणी कुठे प्यायचं? ओढ्याच्या उगमाशी एक झरा होता, पण तो दोन टेकड्या पलीकडे. काड्यांच्या पायांनी तिथवर कोण जाणार?

त्यांनी उतारावर सभा घेतली.

"पलीकडे जायचं कसं?" सांबराने विचारलं. "बांधावरून जायला बंदी आहे. तिथे पण पाटी आहे."

"पोहत जाऊ."

"आणि सुसरबाई?"

"निकाल लागेपर्यंत त्या शाकाहारी आहेत," तात्या म्हणाले. "कालच शेवाळ खाताना दिसल्या. तोंड असं केलं होतं जसं काही सासूने वाढलंय."

"आम्हाला पोहता येत नाही," ससे म्हणाले.

"सांबरांच्या पाठीवर बसा," काकू म्हणाल्या. "एकजण गेला तर हाकलून देतील. सगळे गेलो तर ऐकावंच लागेल. एकीचं बळ असतं, लहानपणापासून ऐकतोय ना आपण?"

तात्या गप्प राहिले. तात्या गप्प राहिले की जंगलाला चुकल्यासारखं वाटे.

"काय हो तात्या, येताय ना?"

"येतो. पण गिरजा, मला या सूचनेची भीती वाटते. सरकार आपल्याला बोलावतं, तेव्हा त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं."

"तुमचं नेहमीचंच. सरळ काही दिसतच नाही तुम्हाला."

"पाठीवर काटे घेऊन जन्मलेल्याला कसं दिसणार," तात्या म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर सगळे निघाले. थंडीचे दिवस होते, पाणी बोचत होतं. सांबरांच्या पाठीवर ससे, नीलगाईच्या डोक्यावर खारी. पाडसाला चितळांकडे ठेवून काकू सगळ्यांच्या पुढे. साळिंदरतात्यांना पाठीवर घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून ते एका ओंडक्याला धरून आले. सुसरबाई शेजारून पोहत होत्या.

"सावकाश हं काकू. दमलात तर सांगा."

"तुम्ही तोंड मिटून पोहा."

"अहो, हसतेय मी."

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात समिती चहा पीत होती. गवासाहेबांनी तळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा कप हवेतच थांबला. सगळं तळं डोक्यांनी आणि शिंगांनी भरलं होतं.

"मुंगूसराव, हे काय आहे?"

मुंगूसरावांनी कठड्यावर चढून पाहिलं. त्यांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोजायला काहीतरी खरं मिळालं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "ही जलवाहतूक आहे."

काकू काठावर चढल्या. अंगातून पाणी निथळत होतं. मागे सगळं जंगल ओलं होऊन उभं राहिलं.

"आम्हाला आक्षेप नोंदवायचा आहे," काकू म्हणाल्या. "आम्हाला मरीना नको."

"बसा, बसा," गवासाहेब म्हणाले. "लांबून आलात. कशा आलात?"

"पोहत आलो. दुसरा रस्ता कुठे ठेवलाय तुम्ही?"

"त्रास झाला असेल."

"झालाच. हा बघा, ससा गारठलाय. त्याची दातखीळ बसली आहे."

"म्हणजे तळं ओलांडायला योग्य साधन नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"साधन नाहीच! पण आमचं म्हणणं ते नाही. आमचं म्हणणं असं, की उतार..."

"लिहा मुंगूसराव. साधन नाही. योग्य शब्द आहेत. आणि हे ससे सांबरांवर बसून आले?"

"हो. त्यांना पोहता येत नाही."

"प्रवासी वाहतूक," मुंगूसराव पुटपुटले आणि मोजू लागले.

"तुम्ही काय मोजताय?" काकू ओरडल्या. "ऐका ना! आमची पिल्लं त्या उतारावर पाणी पितात. दुसरीकडे उभे दगड आहेत. तिथे धक्का बांधलात तर माझं पाडस तहानेनं मरेल!"

गवासाहेब हळवे झाले. ते दुष्ट नव्हते. मुलांनो, हे लक्षात ठेवा. या गोष्टीत दुष्ट कुणीच नाही, फक्त सुसरबाईंना भूक लागते.

"काकू, मला एकच सांगा," ते म्हणाले. "आज तुमच्याकडे बोट असती, तर तुम्ही बोटीने आला असता की पोहत?"

काकू गोंधळल्या. त्या खरं बोलणाऱ्या होत्या. खरं बोलणाऱ्यांना असे प्रश्न फार अवघड जातात.

"बोट असती तर बोटीने आलो असतो. पण..."

"धन्यवाद," गवासाहेब म्हणाले.

डॉक्टर घुबड जागे झाले. "आकडेवारी बोलकी आहे," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

तात्या मागे ओंडक्यावर बसून मुंगूसरावांच्या हातातला कागद निरखत होते. "गिरजा," ते हळूच म्हणाले, "रकाना भरला बघ."

मरीना झाली. थाटात झाली. उतारावर धक्का आला, कठडा आला, कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं. सिंह महाराजांनी फीत दातांनी तोडली. भाषणात ते म्हणाले, "या मरीनेसाठी जनता थंडीत पोहत आली, हे मी विसरणार नाही." समोरच्या रांगेत गिरजाकाकूंना बसवलं होतं. त्यांना श्रीफळ दिलं. भेकरं नारळ खात नाहीत.

बोटी आल्या नाहीत. सुसरबाई होत्या. निकाल लागल्यामुळे त्यांचं शेवाळ सुटलं होतं. पहिल्या फेरीला एक हौशी ससा बसला. फेरी यशस्वी झाली, असं मुंगूसरावांनी नोंदवलं. ससा परतला का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता पाडसाला पाणी कसं द्यायचं? काकू रोज उभ्या दगडांवरून उतरत. खूर निसटत, गुडघे फुटत. खाली जाऊन त्या सबंध अंग भिजवत आणि तशाच वर येत. मग पाडस त्यांचं अंग चाटे. पोट चाटे, मान चाटे, कान चाटे. ऊन कडक असलं की वर येईपर्यंत काकू अर्ध्या वाळून जात. मग त्या पुन्हा उतरत.

मुंगूसरावांनी हे पाहिलं. तिमाही अहवालात त्यांनी लिहिलं, 'धक्क्यालगत स्नानाची सोय लोकप्रिय होत आहे.'

मग उन्हाळा आला. समितीने तळं भरलेलं असताना पाहिलं होतं. उन्हाळ्यात ते आटतं, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं, पण पाहणीच्या नियमांत उन्हाळा नव्हता. पाणी मागे सरकलं, आणखी सरकलं. मरीना कोरड्या जमिनीवर उभी राहिली. तिच्या पायऱ्या भेगाळलेल्या मातीत उतरत होत्या. महाराजांचं नाव कोरलेला बोटी बांधायचा खांब होता, त्याला वाळवी लागली.

आणि ओढा जिथे तळ्याला मिळतो, तिथे गाळाची सपाट वाट उघडी पडली. कुंपणाच्या बाहेर. मऊ.

पाडस धावत गेलं. नाकाने पाण्यात घुसलं. कानांत पाणी भरून परत आलं. काकू तिथेच खाली बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चितळं आली, सांबरं आली. कुणी कुणाला खायचं नाही, हा रिवाजही त्यांच्यामागून आला.

चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी गाळात एक काठी रोवलेली दिसली. काठीवर सूचना होती. 'मरीना, टप्पा दोन. पाण्याच्या सध्याच्या काठावर. आक्षेप समक्ष नोंदवावेत.'

सगळे काकूंकडे पाहू लागले.

"कुणी जायचं नाही," काकू म्हणाल्या. "कुणी पोहायचं नाही, बोलायचं नाही, तिकडे बघायचंसुद्धा नाही. गेल्या वेळी आपण तोंड उघडलं आणि त्यांचा रकाना भरला. या वेळी त्यांना काहीच मिळता कामा नये."

"गिरजा, तू आता शिकलीस," तात्या म्हणाले. पण त्यांचे काटे मात्र उभे होते.

त्या दिवशी जंगल इतकं गप्प बसलं की पानं पडलेली ऐकू येत होती. पलीकडे व्हरांड्यात समिती वाट बघत बसली. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. तळ्यावर एक तरंगही उठला नाही.

संध्याकाळी गवासाहेबांनी विचारलं, "किती आले?"

"एकही नाही, साहेब."

"कुणाचाच आक्षेप नाही?"

"कुणाचाच नाही."

"बघा," गवासाहेब भारावून म्हणाले, "लोक कसे सुधारतात. लिहा. एकमताने मंजूर."

दुसऱ्या दिवशी गाळाच्या वाटेवर कुंपणाचे खांब येऊन पडले. काकू धावत गेल्या. मुंगूसराव दोरी लावून जागा आखत होते.

"मुंगूसराव! आम्ही बोललो तर तुम्ही त्याला मागणी म्हणता. गप्प बसलो तर मंजुरी म्हणता. आम्ही करायचं तरी काय?"

मुंगूसराव ओशाळले. "काकू, तुमची तळमळ मला समजते. ती लिहून सूचनापेटीत टाका."

"पेटी कुठे आहे?"

"पलीकडच्या काठावर."

पाण्यात दोन डोळे वर आले. मग पाठ वर आली.

"चला काकू, सोडते," सुसरबाई म्हणाल्या. "आता अधिकृत सेवा आहे. बाळालाही घ्या. माझी पाठ किती मऊ आहे, ते समितीला विचारा."

गिरजाकाकूंनी त्या पाठीकडे पाहिलं. मग पाडसाकडे पाहिलं. त्याचे पाय आता काड्यांसारखे राहिले नव्हते. चांगले लांब आणि कणखर झाले होते.

काकूंनी मान वर केली आणि त्या भुंकल्या.

आक्षेप नव्हता तो, सूचना नव्हती, निवेदन नव्हतं. भेकराचं भुंकणं जंगलात सगळ्यांना कळतं. त्याचा एकच अर्थ होतो, पळा. ओढ्याच्या कडेने चितळं निघाली, सांबरं निघाली, ससे निघाले. सगळ्यांत मागे तात्या, आणि सगळ्यांच्या पुढे पाडस. दोन टेकड्या ओलांडून सगळे झऱ्यावर गेले. झरा लहान होता. पाळीपाळीने प्यावं लागे. पण तिथे पाटी नव्हती.

इकडे सिंह महाराज दुसऱ्या मरीनेची फीत तोडायला आले. मुंगूसराव फीत धरून होते, पण समोर कुणीच नव्हतं. टाळ्या वाजवायला नुसते गवासाहेब होते आणि त्यांना खूर होते.

"सगळे गेले कुठे?" महाराजांनी विचारलं.

"झऱ्यावर, महाराज," मुंगूसराव म्हणाले. "दोन टेकड्या पलीकडे. सहकुटुंब."

"एवढ्या लांब? चालत?"

"चालत, महाराज."

महाराजांनी फीत दातांतून सोडली. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तिकडे मागणी आहे," ते म्हणाले.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं. म्हणून ते वापरण्याआधी कुणी मोजायला बसलेलं नाही ना, हे पाहून घ्यावं. आणि मुलांनो, तहान लागली तर घरच्यांना सांगा. सरकारला कळली, तर ते तुमच्या आणि पाण्याच्या मधोमध तुमच्यासाठीच एक धक्का बांधतं.